वळणापलीकडचा

"काय हे बोचकं! अख्खं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालाय की काय हा?"

परक्या देशात एक चैन असते. आपल्या भाषेत कुणाबद्दल काहीही बोलावं, कुणाला कळत नाही. जीपमधून माझ्यापुढे उतरलेल्या उंच माणसाकडे बघून मी हे स्वतःशीच, पण चांगलं मोठ्यानं म्हणाले.

तो वळला. चष्म्यावर वाफ धरलेली.

"बिऱ्हाड नाही हो," तो शांतपणे म्हणाला, "हा नुसता माळा आहे. बाकीचं घर मागून येतंय."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं. देशोदेशीची आठ माणसं एका जंगलाच्या तोंडाशी जमतात, आणि त्यातला नेमका हाच मराठी निघावा!

आमच्या वाटाड्यानं थोडे शब्द आणि पुष्कळ हातवारे करून एकच नियम समजावला. रांगेनं चालायचं. प्रत्येक वळणावर थांबायचं, मागचा माणूस दिसला की हात वर करायचा, आणि मगच वळायचं. या झाडीत एकदा माणूस नजरेआड झाला की शोधणं कठीण.

सगळ्यात मागे अर्थातच मी. आणि माझ्यापुढे – बोचकं.

मी डोळे तपासते. चष्म्याच्या दुकानात, मागच्या काळोख्या खोलीत. 'हे बरं दिसतं, की हे?' दिवसभर हाच प्रश्न. घाई केली की नंबर चुकतो, म्हणून घाई मला जमतच नाही. आई म्हणते, "आमच्याकडे दोघांचीच वाट बघावी लागते, नळाच्या पाण्याची आणि हिची." आई हे लाडानं म्हणते. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं, तो लाडानं म्हणाला नाही. 'तुझ्यासाठी थांबून थांबून कंटाळा आला,' एवढंच बोलून त्यानं ठरलेलं मोडलं. तेव्हापासून कुणी माझ्यासाठी थांबलं की मला धडकीच भरते. हा कधी कंटाळेल?

पण ते जंगल… तिथे कुणी भरभर चालावं तरी कसं? एका झाडापाशी मी थबकलेच. खोडाला भिंतींसारखी मुळं फुटलेली, माझ्या डोक्याहून उंच. दोन मुळांच्या मधे आमची काळोखी खोली खुर्चीसकट बसली असती. वर बघितलं तर शेंडा नाहीच. नुसता हिरवा उजेड, आणि त्यातून टप… टप… कुठून तरी पडणारं पाणी. मला एकदम रडू आलं. इतकं मोठं काहीतरी इतकी वर्षं इथे मुकाट्यानं उभं होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

डोळे पुसून पुढे गेले, तर वळणावर तो उभा.

"आली का शेपूट!" त्यानं हात वर केला.

"कंटाळलात?"

"छे! मी लिफ्ट दुरुस्त करतो. थांबणं हा माझा धंदाच आहे." चालता चालता तो सांगू लागला, "लिफ्ट अडकली की जोडीदार वर मशीनपाशी जातो, आणि मी दाराबाहेर उभा राहून आतल्या माणसाशी बोलत राहतो. 'घाबरू नका. आत किती जण आहात? उजेड आहे का?' एका आजोबांनी तर आत बसल्या बसल्या मला सुनेची सगळी गाऱ्हाणी सांगितली. दार उघडलं तरी बाहेर यायला तयार नाहीत!"

मी इतकी हसले की कुठलंसं पाखरू फडफडून उडालं.

"आणि इथे कशाला थांबता?" मी सहज विचारलं. म्हणजे, सहज वाटेल असं विचारलं.

"इथे काय… नियमच आहे."

हो की. नियम. मला उगाचच थोडं वाईट वाटलं.

मुक्कामाचं गाव म्हणजे खांबांवर उभी असलेली चार-सहा लाकडी घरं. आमची यजमानीणबाई उजेड जायच्या आत सुईत दोरा ओवायला बसली होती, आणि दोरा काही जाईना. माझ्या पिशवीत जवळचं दिसायचे दोन-तीन चष्मे कायम असतात. भाषा कुणाला येत होती? एक चष्मा तिच्या नाकावर ठेवला, बोटानं विचारलं – हा? की हा? दुसरा लावल्यावर तिनं आधी सुई बघितली. मग स्वतःचा तळवा, रेघ न् रेघ. मग शेजारी बसलेल्या नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी जवळून बघितला, आणि खो-खो हसत सुटली. नवरा केवढा म्हातारा झालाय, हे तिला आत्ता दिसलं होतं! तोही हसायला लागला. आणि मग दोघांनी एकमेकांकडे असं काही बघितलं, की मीच नजर खाली घातली.

वर बघितलं तर लिफ्टवाला माझ्याकडे बघत होता.

"तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय," मी घाईघाईनं म्हणाले. "द्या इकडे."

चष्म्याची काडी बोटांनी हळूच वाकवली, आणि चष्मा त्याच्या कानांवर बसवला. रोज दहा जणांच्या कानांवर बसवते… हात काढून घ्यायला कधी एवढा वेळ लागला नव्हता.

"हे बरं दिसतं, की मघाचं?"

"मघाचंच बरं होतं," तो म्हणाला. "आता फारच नीट दिसायला लागलंय. पंचाईत झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी झुलता पूल लागला. खाली खोल दरी, तळाशी नदी. 'एका वेळी एकच माणूस,' वाटाड्यानं बोट वर करून बजावलं. सगळे गेले, तोही गेला. शेवटी मी निघाले, आणि पुलाच्या मधोमध थांबले.

"मॅडम!" पलीकडून हाक आली. "घाबरू नका! आत किती जण आहात?"

मी जागची हलले नाही. पूल हलू लागला. तो बोचकं टाकून परत येत होता, एकेक फळी तपासत, सारखा बोलत. "हे बघा, दोर घट्ट आहे, मी आहे, नुसतं माझ्याकडे बघा–"

"गप," मी म्हणाले. "खाली बघ."

आमच्या पायांखालून धनेश चालले होते. एकामागून एक, केवढाले! पक्ष्यांची पोटं आपण जन्मभर बघतो, पाठी कधी बघतो? काळे पंख सावकाश उघडत, मिटत होते, आणि ओली चादर झटकावी तसा त्यांचा आवाज वर आमच्यापर्यंत येत होता. अंगावर काटा आला. शेवटचा धनेश धुक्यात शिरेपर्यंत तो बोलका माणूस एक अक्षर बोलला नाही. त्याचा हात माझ्या हातावर कधी आला, ते दोघांनाही कळलं नाही.

"मला वाटलं, तू अडकलीस…"

"मी अडकत नाही. मी बघते."

"हं," तो हळूच म्हणाला. "तू थांबलीस म्हणून मला दिसलं."

पलीकडून वाटाड्या दोन्ही हात नाचवत ओरडत होता. नियम मोडला होता ना! पण माझं मन भित्रं. मी स्वतःला समजावलं, अडकलेल्या माणसापाशी धावायची त्याला सवयच आहे.

जंगल संपलं, आणि गाव आलं. डांबरी रस्ता, औषधांचं दुकान, हॉर्न. माझी बस इथूनच सुटणार होती, त्याची वळणापलीकडच्या स्टँडवरून. फोन नंबर मागायचा मला धीर झाला नाही. त्यानंही मागितला नाही.

"येतो, शेपूट," तो म्हणाला, आणि निघाला.

मी बघत राहिले. बोचकं दुकानांवरून पुढे गेलं, कोपऱ्यावर पोचलं… आणि वळलं. थांबला नाही. मागे बघितलं नाही. हात वर केला नाही.

बरोबरच होतं. डांबरी रस्त्यावर कोण हरवतं? नियम जंगलातच संपला. दहा-पंधरा मिनिटं मी स्वतःला हेच समजावत उभी राहिले. पण मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. पळाले. पिशवी आपटत, धापा टाकत, लोकांना धक्के देत कोपरा गाठला, वळले – आणि बोचक्यावर धडपडले.

तो कोपऱ्यापलीकडे भिंतीला टेकून खुशाल बसला होता.

"एवढ्या लवकर?" तो उठत म्हणाला. "मी तर संध्याकाळपर्यंत बसायच्या तयारीत होतो!"

"तुझी बस…?"

"आली होती. पुढे जा म्हणून हात वर केला तिला. गेली."

"मग तिकडे, कोपऱ्यावर का नाही थांबलास?"

"तिकडे थांबलो असतो तर म्हणाली असतीस, नियम म्हणून थांबला."

"आणि मी आलेच नसते तर?"

"तर मी परत आलो असतो. तुझ्या बसमागे पळत. शेपटीची शेपूट!"

मला हसू येत होतं आणि डोळे भरत होते, दोन्ही एकदम. त्याचा चष्मा पुन्हा डावीकडे उतरला होता. मी तो काढला, काडी सरळ केली, आणि त्याच्या कानांवर बसवला. हात तिथेच राहिले. राहू दिले.

"हे बरं दिसतं," मी विचारलं, "की मघाचा रिकामा रस्ता?"

"हे."

"नीट बघून सांग. घाई केली की नंबर चुकतो."

"घाई कुणाला आहे?" तो म्हणाला, आणि बघत राहिला.

मागे माझ्या बसचा हॉर्न वाजत होता. मी न वळताच हात वर केला.