भिडूची उरलेली पाळी

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलं आहे. गोदामाच्या फाटकाशी, दिवस-रात्र समान होतात त्या संध्याकाळी.

मामा तिथे राखणदार होता. जोडीला एक म्हातारा, मामा त्याला भिडू म्हणायचा. पाळ्या घड्याळावर नव्हत्या. उजाडलं की एकाची, मावळलं की दुसऱ्याची.

दिवस-रात्र समान झाले की दोघं पाळी बदलायचे. वर्षातून दोनदा.

"बदलली ना? मग हिशेब चुकता!" भोळा भिडू हसायचा.

पण त्यात मेख होती. थंडीतली लांब रात्र भिडूची... आणि बदलून उन्हाळ्यातला लांब दिवसही त्याचाच! मामाला दोन्ही वेळा आखूड पाळी. मामाच्या हे लक्षात आलं होतं. तो मूग गिळून बसला.

एका थंडीत भिडू गेला. रात्रपाळीतच, खुर्चीत बसल्या बसल्या.

मग पाळी बदलायचा दिवस आला. सूर्य बुडाला. मामा डबा उचलून भिडूच्या जागी आलेल्या नव्या माणसाची वाट बघत होता.

रस्त्यावरचे आवाज एकदम थांबले.

मागे कुणीतरी खोकलं...

भिडूचा खोकला!

केबिनमधली रिकामी खुर्ची करकरली. मामाने फाटक ओढलं. उघडेना.

"पाळी बदलायची ना रे? ये... बस."

"भिडू, चुकलो मी! घरी जाऊ दे!"

"जा की. समान झालं की जा."

आणि काळोख पडला.

मामा सांगतो, ती रात्र संपेचना. तो ओरडला, रडला, झोपला, उठला, तरी उजाडेना. टॉर्चचे सेल संपले. खोकला मात्र शेजारीच... अगदी कानाशी.

शेवटी फाटक वाजलं. नवा माणूस आला होता.

"दोन मिनिटं उशीर झाला हो," तो म्हणाला. आणि मामाकडे बघून दचकून मागे सरला.

आभाळ अजून तांबडं होतं. तीच संध्याकाळ.

पण सकाळी दाढी करून गेलेल्या मामाची पांढरी दाढी छातीपर्यंत आली होती. डब्यातल्या उरलेल्या घासाला काळी बुरशी होती.

मामाने नोकरी सोडली, गाव बदललं. काही उपयोग झाला नाही. दिवस-रात्र समान झाले की संध्याकाळी तो दोन मिनिटं गप्प होतो... आणि आणखी म्हातारा होऊन परत येतो.

आता त्याच्यात फार काही उरलेलं नाही. पुढच्या वेळी तो परत येईल का, हीच भीती वाटते.

उद्या पुन्हा तो दिवस आहे. मामाने आज गुळगुळीत दाढी केली, नखं कापली. मी मामीला म्हटलं, "उद्या मी त्याचा हात सोडणारच नाही."

मामीने आपला तळवा माझ्यापुढे धरला.

"मागच्या वेळी मी धरला होता," ती म्हणाली.

तळव्यात पाच खोल व्रण होते. दोन मिनिटांत वाढलेली मामाची नखं तिथे रुतली होती.