सात बादल्या करवंदं

"आई गं!" मुन्याओने बोट तोंडात घातलं. "ही करवंदं आहेत की सुयांचा डबा?"

"बोट चोखत बसलास तर बादली कधी भरायची?" कटुंगे झुडपातूनच ओरडली. "मामा दुपारी सरबत काढणार आहे!"

कटुंगेचा मामा, किलोंझी, नैरोबीहून रस काढायचं यंत्र घेऊन आला होता. रानमेव्याचं सरबत शहरात विकायचा त्याचा बेत होता. आज बाजारात पहिली चव, तीही लहान मुलांना फुकट! कटुंगेची चार वर्षांची बहीण कवाता तर रांगेत पहिला नंबर लावायला शेजारच्या पोरांबरोबर केव्हाच पळाली होती.

ओरबाडलेल्या हातांनी दोघं अर्धी बादली घेऊन बाजारात पोचली. पाहतात तर काय, मामाच्या मंडपात सात बादल्या काठोकाठ!

"उशीर केलात बाळांनो," मामा हसला. "माझ्याबरोबर आलेल्या बेन्सनने आणि त्याच्या दोस्ताने सकाळी दहाच्या आत एवढी आणली. शहरातली पोरं, पण कामाला वाघ!"

बेन्सनने ऐटीत दोन्ही हात उंचावले. कटुंगे त्या हातांकडे बघतच राहिली.

"मुन्याओ," ती कुजबुजली, "त्याला एकसुद्धा ओरखडा नाही!"

"हातमोजे घातले असतील."

"कोणी दिले? तुझ्या काकूने? अरे, अशी काळी फळं, पण काटे नाहीत, असं झाड कोणतं?"

मुन्याओचा चेहरा पांढरा पडला. "किवाई!"

किवाई! पूर्वीची शिकारी माणसं बाणांना लावायचं विष ज्याच्यापासून उकळायची, ते झाड. फळं हुबेहूब करवंदासारखी. म्हणूनच टेकडीवरचं प्रत्येक पोर चालायला लागलं की आधी शिकतं, 'काटा नसेल तर तोंडात घालायचं नाही!'

कटुंगे धावली. "मामा, सरबत थांबव! यात किवाई आहे!"

"तुझी बादली भरली नाही म्हणून माझ्या धंद्यात माती कालवतेस?" मामा सगळ्यांदेखत खेकसला. "चल हो बाजूला!"

यंत्र घरघरू लागलं. जांभळा रस पिंपात पडू लागला. आता कटुंगे काहीही बोलली तरी लोक हसणारच. हे बेन्सनच्याच तोंडून बाहेर पडायला हवं होतं!

"तू रांग मोड," ती मुन्याओला म्हणाली.

मुन्याओने अर्ध्या बादलीकडे एकदा दुःखाने पाहिलं आणि ती रांगेसमोर सरळ उपडी केली. "घ्या रे, फुकट करवंदं!" पोरं तुटून पडली.

इकडे कटुंगे बेन्सनला मुद्दाम मुलवा आजोबांच्या बाकाजवळ घेऊन आली. आजोबा तरुणपणी बाण बनवायचे.

"बेन्सनदादा, आमच्या तर नाकी नऊ आले! तुम्ही कुठे तोडलीत हो इतकी?"

"टेकडीच्या पलीकडे!" बेन्सन फुगला. "काटा म्हणून नाही. गाय दोहावी तशी ओढायची! शेळ्यांनीसुद्धा पानाला तोंड लावलेलं नाही."

मुलवा आजोबा ताडकन उठले. "काय म्हणालास? काटे नाहीत? शेळ्या खात नाहीत? अरे, कुणी पिऊ नका!"

सगळा बाजार थिजला. पण कवाताने रांग सोडलीच नव्हती! पहिला पेला तिच्या ओठांशी होता. कटुंगेने झेप घेऊन फटका मारला. पेला उडाला आणि रस मातीत गेला.

"प्यायलीस? तोंड उघड! जीभ दाखव!"

जीभ कोरडी होती, जांभळा थेंबसुद्धा नव्हता.

आजोबांनी बादलीतली एक डहाळी उचलून पान निरखलं. "किवाईच," ते म्हणाले.

"मी झाड बघायलासुद्धा गेलो नाही," मामा पुटपुटला. मग त्याने पिंप स्वतःच्या हाताने खड्ड्यात रिकामं केलं. बेन्सनने तीनदा साबणाने हात धुतले.

"आम्ही म्हातारे इथेच बसलो होतो," आजोबा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पण डोळे उघडे होते ते या दोघांचे."

"कटुंगे, मी नको ते बोललो गं," मामा म्हणाला.

घरी जाताना कवाता बहिणीच्या पाठीवर बसून भोकाड पसरत होती. "माझा पहिला नंबर होता! तूच सांडलंस! तू वाईट्ट आहेस!" आणि दोन्ही मुठींनी तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालत होती.

"मार," कटुंगे म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "अजून मार. चांगली जोरात मार!"