चौकातल्या बाईचा पडदा

"एका बाईसाठी कापड शिवायचंय. माप हवं तसं घ्या, पण बाई दाखवणार नाही."

दुकानाच्या दारात उभ्या त्या माणसाकडे मी बघतच राहिले. केसांत लोखंडाचा कीस, शर्टाचं एक बटण गायब, चेहरा मात्र गंभीर.

"मग काय, स्वप्नात बघून शिवू?"

तो हसला... आणि माझं चुकलं, मीही हसले.

बंद पडलेल्या कापडगिरणीची आठवण म्हणून चौकात बसवायचं शिल्प त्यानं घडवलं होतं. अनावरणापर्यंत ते कुणाला दिसायचं नव्हतं. पडदा मी शिवायचा — दोरी ओढली की खांद्यावरची कच्ची शिलाई उसवून झर्रकन खाली येईल असा. पोत्यांत गुंडाळलेल्या त्या उंच बाईचं माप मी शिडीवर चढून घेतलं. शिडी त्यानं धरली. हाताला कोपर लागलं, वाकलेली मान लागली. करतेय तरी काय ही?

"माझं एक बटण लावून द्या, एक अंदाज सांगा," तो म्हणाला.

मग रोज त्याच्या शर्टाचं एक बटण तुटायला लागलं.

"सूत कातते?"

"नाही."

"डबा खाते?"

"नाही हो!"

दुकान माझ्या आत्याचं. तरुणपणी ती त्याच गिरणीत कामाला होती. ती चष्म्यावरून बघायची. "शर्ट आहे का झाड? रोज आपलं गळतंय!"

अनावरण झालं की दुसऱ्या गावी निघणार, असं तो एकदा सहज बोलून गेला. थांबता का, म्हणून विचारावं... पण कोणत्या तोंडानं? त्याच तंद्रीत पडदा शिवून झाला.

अनावरणाला पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा हलेना. पुन्हा ओढली. चौक हसायला लागला, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत्याच्या दुकानातून उसवेल असं काही बाहेर जात नाही. हाताच्या सवयीनं मी खांद्यावर दुहेरी पक्की शिलाई मारली होती!

कात्री घेऊन मी धावले. शिडी धरायला तो होताच. वर चढून पडद्याखाली डोकं घातलं, आणि ती दिसली. तुटलेला धागा जोडणारी कामगार बाई. एक टोक बोटांत, दुसरं ओठांत. गिरणीतल्या बायकांची ही खोड. आत्याची अजून आहे. इतक्या मायेनं बघणाऱ्या माणसाला मी नुसतं जाऊ देणार होते?

"दिसली?" खालून हळूच आवाज आला.

"दिसली... थांब ना."

"शिडी धरूनच आहे की."

"शिडीसाठी नाही. माझ्यासाठी. या गावात."

माझे कान तापले.

"अगं, काय ते मागाहून ठरवा!" आत्या गर्दीतून ओरडली. "आधी त्या बाईला मोकळं करा!"

मी कात्री चालवली. पडदा सुटला तो थेट त्याच्याच डोक्यावर. सगळं गाव वर बघून टाळ्या वाजवत होतं. मी एकटी खाली बघत होते, जीव मुठीत धरून.

कापडाच्या ढिगात चुळबुळ झाली.

"थांबतो," आतून आवाज आला. "पण बटणं संपली. उद्या कारण काय सांगून येऊ?"

"कारण कशाला?" मी म्हणाले. "नुसता ये."