चंद्राबाईची चोळी

भाताची झोडणी आटोपली की कशेळे गावात दुपारी बायांचे हात जरा मोकळे व्हायचे. मोतीबाईच्या ओसरीवर मग आळीतल्या पोरी आपापलं फाटकंतुटकं घेऊन जमायच्या. मोतीबाईला स्वतःचं लेकरू नव्हतं आणि घाईही ठाऊक नव्हती. पोरीनं दहादा उसवलं, तरी अकराव्यांदा तीच हसत दोरा ओवून द्यायची.

त्या वर्षी तिची भाची मैना तिच्याकडे राहायला आली. पावसाळ्यातल्या तापानं मैनेची आई, चंद्राबाई, गेली होती आणि बाप पोटासाठी बोरघाटात आगगाडीच्या रुळांवर राबत होता. येताना मैनेनं आईची एकच वस्तू आणली, हिरव्या खणाची चोळी.

"आत्ये, ही माझ्या मापाची कर ना."

"मी कशाला? तुला हात नायत? आन् कापायचं नाय गं, आत दुमडून घ्यायचं. पोर वाढते, कापड वाढत नाय."

मैनेनं चोळी अंगात घातली आणि तशीच सुई टोचायला घेतली. मोतीबाईनं झटकन पेंढ्याची एक काडी उपसून तिच्या दातांत दिली.

"अंगावर शिवतात ते मढ्याला. जित्या माणसानं दातांत काडी धरायची. तुझ्या आईलाबी मीच शिकवलं. मेली दर खेपेला विसरायची!" बोलता बोलता मोतीबाईनं जीभ चावली.

"मी गाय झाले," काडी चावत मैना म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मैनेचे टाके दात पडलेल्या तोंडासारखे होते. दुसऱ्या सकाळी पाहावं तर तिथं मुंग्यांची रांग लागावी तसे बारीक, सरळ टाके. शेवटी गाठ नव्हती. दोन टाके मागे घेऊन दोरा संपवला होता. गाठ पोरीला बोचते म्हणून चंद्राबाई शिवण अशीच संपवायची.

"मी नाय केलं, आत्ये," मैना म्हणाली.

मोतीबाईनं शेजारच्या आवडीला विचारलं.

"माझीच पोरं उघडी पडलीत, आक्का. तुमची चोळी कुठं शिवत बसू?" आवडी हसली. मग तिनं टाके निरखले आणि तिचं हसू मावळलं. "नदीला सोडा ही चोळी. गेलेली माय लेकराला ओढून नेते."

"काय तरी बोलू नको," मोतीबाई म्हणाली. पण त्या दिवसापासून तिनं सुईची नळी कनवटीला खोचून ठेवली. घरात दुसरी सुई नव्हती. तरीही चोळी जिथं काचत होती तिथली शिवण आपोआप सैल झाली. दोराभरच, पण झाली.

आणि मग मैनेला ताप भरला. आईचा होता तसाच, दातखिळी बसवणारा. चोळी ती काढू देईना. तळमळताना काखेत कापड टरकन फाटलं.

मोतीबाईनं मनाशी ठरवलं. विहिरीवरून गार पाणी आणायचं, पट्टी ठेवायची, पोरीला डोळा लागला की चोळी नदीला सोडायची. दाराशी ती थबकली.

"चंद्रे," ती रिकाम्या घराला म्हणाली, "एवढी एक ठेव गं मला."

बाहेरून कडी घालून ती गेली. परत आली तेव्हा कडी तशीच होती.

मैना झोपली होती. कपाळ घामानं ओलं आणि गार. ताप उतरला होता.

मोतीबाईनं चोळीच्या गाठीला हात घातला आणि तो तिथंच राहिला.

काखेतली फाट शिवलेली होती. शेवटी दोन टाके मागे. दोऱ्याचं टोक ओलं होतं, नुकतंच कुणी दातानं तोडल्यासारखं.

तिनं कनवट चाचपली. नळी होती. सुई नळीतच होती.

मग तिनं मैनेच्या तोंडाकडे पाहिलं.

मिटल्या दातांत पेंढ्याची एक काडी नीट धरवून ठेवलेली होती.