इंजिनातलं खारं पाणी

समाधानला भोसरीत येऊन अठरा वर्षं झाली होती. उदगीरकडून आला तेव्हा जनरेटरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला, मग फिटर झाला आणि पुढं स्वतःची पत्र्याची शेड टाकून बसला. जनरेटर, पाण्याचे पंप, गवत कापायची मशिनं, येईल ते तो उघडायचा. बोटीच्या इंजिनाशी त्याची गाठ अशीच पडली. पुरात लोकांना बाहेर काढायच्या रबरी बोटींची इंजिनं एका पावसाळ्यात त्याच्याकडं आली आणि तेव्हापासून बोटीचं काम निघालं की लोक त्याचंच नाव सांगायचे. माणसानं समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. बायको, पूनम, दर उन्हाळ्यात म्हणायची, एकदा अलिबागला जाऊ. दर उन्हाळ्यात काहीतरी निघायचं.

मार्चअखेरच्या एका मंगळवारी सकाळी दादासाहेबांचा फोन आला. दादासाहेब चाकणपलीकडच्या जुन्या गावचे. निम्मी जमीन कंपन्यांना गेलेली, उरलेल्या पैशातून धरणाच्या काठावर पर्यटनाचं काहीतरी उभं करत होते. त्यासाठी त्यांनी एक जुनी ॲल्युमिनियमची मोटरबोट घेतली होती.

"जास्त काही नाही रे," दादासाहेब म्हणाले. "इंजिन गोड्या पाण्यानं धुऊन दे. नळी लाव, दहा मिनिटं चालव, झालं. रविवारी उद्घाटन आहे. पहिल्या फेरीला माझी नातवंडं बसणार."

"बोट कुठली आहे?"

"नाशिककडच्या एका धरणावरची. समुद्राचा थेंब लागलेला नाही तिला."

समाधाननं बरं म्हणून फोन ठेवला. मोशीच्या पुढं ट्रॅफिकमध्ये अडकला तेव्हा त्याच्या डोक्यात प्रश्न आला. समुद्रात चाललेल्या इंजिनाच्या आत मीठ धरतं, ते निघावं म्हणून त्याला गोड्या पाण्यानं धुवावं लागतं. पण धरणात चाललेलं इंजिन गोड्या पाण्यानं कशाला धुवायचं? आणि 'समुद्राचा थेंब लागलेला नाही' असं कुणी विचारलेलं नसताना माणूस का सांगतो?

दादासाहेबांची ती जागा गावाबाहेर होती. दोन बाजूंना कंपन्यांच्या उंच भिंती, मधे चार-पाच गुंठ्यांचं मोकळं आवार, कडेला राखणदाराची खोली. फाटक उघडायला राखणदार कोंडाजी आला. साठीचा, वाळलेला माणूस.

"त्या तिकडं हाय बोट," त्यानं हात करून दाखवलं. स्वतः मात्र फाटकापाशीच थांबला.

बोट ट्रॉलीवर होती. आवारात एवढी हिरवळ, कोंडाजीनं लावलेली मिरची, वांगी. पण बोटीच्या मागच्या बाजूला, इंजिनाखाली, खाटेएवढ्या जागेत गवताची काडी नव्हती. माती पांढरी पडली होती. समाधाननं बुटानं खरवडलं तर वरचा थर पापुद्र्यासारखा उचलला गेला. हवेला एक वास होता, ओला, जड. त्याला तो ओळखता येईना.

"किती दिवस झाले बोट इथं येऊन?"

"दिवाळीच्या आधी आली."

"आणि पाण्यात कधी उतरवली नाही?"

"न्हाई."

"इंजिन कुणी चालवलं होतं?"

"आमी कशाला हात लावतोय?" कोंडाजी दुसरीकडं बघत म्हणाला.

बागेची हिरवी नळी टाकीच्या तोटीपासून थेट बोटीपर्यंत अंथरलेली होती. तिच्या टोकाला दोन रबरी वाट्या जोडलेल्या. इंजिनाचा खालचा भाग पाण्यात बुडतो, तिथं दोन्ही अंगांना फटी असतात. या वाट्या त्या फटींवर चिमट्यासारख्या बसवायच्या, म्हणजे नळीचं पाणी इंजिनात ओढलं जातं. वाट्यांचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. कुणीही हात न लावलेल्या इंजिनाच्या वाट्या झिजतात कशा? आज इथं प्रत्येकजण आपल्याशी खोटं बोलतोय, एवढं समाधानला कळलं.

त्यानं वाट्या बसवल्या. कोंडाजीला तोटी सोडायला सांगितलं आणि इंजिन सुरू केलं. पहिल्याच झटक्याला लागलं, सहा महिने बंद असल्यासारखं वाटलंच नाही. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार सुटली. ती धार आली की समजायचं, पाणी आत फिरतंय. सवयीनं त्यानं करंगळी धारेखाली धरली आणि जिभेला लावली.

खारट. आमटीत चुकून दोनदा मीठ पडावं इतकं खारट.

'सापडलास, दादासाहेब,' तो मनात म्हणाला. बोट समुद्रातलीच होती तर. दहा मिनिटं चालवलं की मीठ निघून जाईल. त्यानं घड्याळ लावलं, पालथ्या बादलीवर बसला.

दहा मिनिटांनी चाखून पाहिलं. तितकंच खारट. वीस मिनिटांनीही तेच. नळीचं पाणी चाखलं, तर ते गोड, बोअरचं, थोडं लोखंडी. आत जाताना गोड, बाहेर येताना खारट. पाऊण तासानं धारेबरोबर बारीक काळपट वाळू यायला लागली. एका इंजिनात मीठ राहून राहून किती राहील? मूठभर. इथं शे-दीडशे लिटर पाणी वाहून गेलं होतं.

पलीकडच्या कंपनीचा तीनचा भोंगा झाला. समाधाननं इंजिन बंद केलं.

"काका, तोटी बंद करा!"

कोंडाजीनं तोटी बंद केली. समाधाननं वाट्या काढून नळी बाजूला टाकली.

धार थांबली नाही.

आधी त्याला वाटलं, आत साठलेलं निघत असेल. पण मिनिट झालं, दोन झाली. इंजिन बंद, नळी जमिनीवर, आणि भोकातून पाणी येतच होतं. सरळ येत नव्हतं. जोर धरायचं, मग ओसरायचं... पुन्हा जोर धरायचं. समाधान बघत राहिला. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं की आपला श्वासही त्याच लयीत चाललाय. तो झटकन मागं सरला.

तेव्हा त्याला ठोका ऐकू आला.

बोटीच्या तळातून. हलका, बोटाच्या पेरानं दार वाजवावं तसा. एक... मग थांबून आणखी एक.

तो ट्रॉलीवर चढला. तळाची फळी उचलून टॉर्चचा उजेड टाकला. आत कोरडी धूळ, कोळ्याचं जाळं, एक वाळलेलं पान. जाळंसुद्धा तुटलेलं नव्हतं. तो वाकलेला असतानाच ठोका पुन्हा झाला, आणि हा आवाज खाली, ट्रॉलीच्या बाजूनं आला. बाहेरून. पाण्यात तरंगणाऱ्या बोटीला खालून कुणी हात लावावा तसा.

खाली ट्रॉली होती आणि माती होती.

कोंडाजी आता जवळ आला होता, पण पांढऱ्या मातीच्या अलीकडंच थांबला.

"साहेब... नळी लावा परत," तो हळूच म्हणाला. "पाणी चालू ठेवलं की गप बसतं."

"म्हणजे रोज तुम्हीच..."

"रोज. सांजच्याला. दादासायबांनीच शिकीवलं इंजिन चालू करायला. न्हाई केलं, तर वाजवत ऱ्हातं. आमची रंभा म्हनायची, कुनाला तरी वर यायचंय. ती गेली माहेरी, राजगुरुनगरला. न्हाई येत म्हनली, बोट हाय तवर."

समाधाननं फोन लावला. अर्ध्या तासात दादासाहेबांची गाडी आवारात आली. उंच, पांढऱ्या कपड्यांतला माणूस; गावात त्यांच्या शब्दाला मान होता आणि ते त्यांच्या चालण्यातच दिसायचं.

"झालं का रे काम?"

"हे बोटीतलं पाणी चाखा," समाधान म्हणाला.

"काय खुळ्यासारखं बोलतो."

"चाखा तर खरं."

दादासाहेबांनी धारेकडं पाहिलं, बाजूला पडलेल्या नळीकडं पाहिलं. चाखलं नाही.

"कुठली बोट आहे, दादासाहेब? मला खरं सांगा. लहान पोरं बसवायलाव तुम्ही रविवारी."

दादासाहेबांनी कोंडाजीला फाटकाकडं जायची खूण केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोकणातली. एका फिरायला आलेल्या कुटुंबानं भाड्यानं घेतली होती. नवरा, बायको आणि तिची म्हातारी आई. सकाळी गेले. दुपारी बोट परत आली... एकटी. सरळ किनाऱ्याला लागली. इंजिन चालू होतं. आत कुणी नव्हतं."

"आणि ते तिघं?"

"सापडले नाहीत. मालकाला ती दारात नको होती, मला बोट हवी होती. अपघात कुठं होत नाहीत, समाधान? म्हणून काय गाड्या विकत नाहीत लोक?"

"हे पाणी थांबंना, त्याचं काय?"

"वॉल्व्ह खराब असेल. तू मेकॅनिक आहेस का देवऋषी?"

"असला वॉल्व्ह नसतोय या इंजिनात."

"तुला जमत नसेल तर सांग. मी पुण्याहून दुसरा माणूस आणतो."

समाधानला राग आला तो त्यांच्या खोटेपणाचा नव्हता. या माणसाला सगळं माहीत होतं, त्यानं राखणदाराला रोज नळी धरायला बसवलं होतं आणि तरी तो आपल्याच नातवंडांना बोटीत बसवायला निघाला होता. समाधाननं पाना घेतला, इंजिनाच्या मागचा, बोट पुढं ढकलणारा पंखा सोडवला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"हे काय करतो?"

"मी हे चालू देणार नाही. पोलिसात द्या मला."

"अरे, रिकामी पत्र्याची बोट आहे ही!" दादासाहेब ओरडले आणि तावातावानं पुढं होऊन त्यांनी बोटीच्या कुशीवर मुठीनं दोनदा ठोकलं.

आतून दोनदा ठोकलं गेलं.

ते तसेच उभे राहिले, मूठ उगारलेली. मग त्यांनी, का कोण जाणे, एकदाच ठोकलं. अगदी हलकं. आतूनही एकदाच, तितकंच हलकं आलं. आणि धार थांबली. आवारात एकदम शांत झालं. कंपनीच्या भिंतीपलीकडचा फोर्कलिफ्टचा पीं-पीं आवाज तेवढा येत होता.

दादासाहेबांनी मूठ खाली घेतली. "जयमालाला काही सांगू नकोस," ते म्हणाले. जयमाला त्यांची सून, त्या नातवंडांची आई. "ही... ही परवा जाईल इथून. भंगारात देतो."

"दुसऱ्या कुणाला विकणार नाही ना?"

"आईची शपथ."

समाधानचा विश्वास बसला नाही. म्हणून गुरुवारी सकाळी तो पूनमला नीट काही न सांगता पुन्हा तिकडं गेला. भंगारवाल्यानं ट्रक आणला होता. क्रेननं बोट वर ठेवली, ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी दोरखंडानं आवळली. बोट उचलताना समाधान तळाकडं बघत होता. काही नव्हतं, कोरडा, पोचे पडलेला पत्रा. कोंडाजीनं मातीवर पाणी मारलं, हात जोडले आणि रंभाला फोन करायला खोलीत गेला.

ट्रकच्या मागं समाधान मोटरसायकलवर निघाला. बोट खरंच तोडायला जाते की नाही हे डोळ्यानं बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. चाकणच्या रस्त्यावर वजनकाट्यापाशी ट्रक थांबला. भंगारवाल्याला वजन करून हवं होतं. सकाळचे साडेदहा झाले होते, लख्ख ऊन, पुढं-मागं कंटेनरची रांग, चहाची टपरी, हॉर्नचा गोंगाट. इतक्या माणसांत आल्यावर समाधानच्या छातीवरचं ओझं उतरलं. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला चहा प्यावासा वाटला.

ट्रक काट्याच्या लोखंडी प्लेटवर चढला. ड्रायव्हर आणि भंगारवाला, दोघं खाली उतरले. काट्याच्या केबिनमध्ये काटा बघणारा पोरगेला माणूस बसला होता. थोड्या वेळानं त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओ शेठ, गाडीतली माणसं उतरवा. आकडा थांबंना."

"कुणी नाही गाडीत," भंगारवाला म्हणाला. "आम्ही दोघंच होतो. हे काय उभे."

"अहो, वर, मागं. सारखं हलतंय कुणीतरी. काटा खालीवर करतोय."

भंगारवाल्यानं वर पाहिलं. ताडपत्री ताणून बांधलेली होती, एकही गाठ सुटलेली नव्हती. वाऱ्याची झुळूक नव्हती. समाधानच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. त्याला ट्रककडं बघायचं नव्हतं, म्हणून तो केबिनच्या काचेआडचे लाल आकडे बघत राहिला. आकडे वाढत होते, कमी होत होते, पुन्हा वाढत होते.

मग ते पहिल्यांदा एकदम घसरले. थोडं थांबून पुन्हा. आणि तिसऱ्यांदा.

आकडा स्थिर झाला.

"हां, आता कसं," काटेवाला वहीत लिहीत म्हणाला. "उतरले तिघंबी. चला, घ्या गाडी पुढं."