ज्यांनी हात धुतले

“ऊसतोड्यांच्या कोप्यांवरची तीन पोरं तालुक्याच्या दवाखान्यात नेलीत. सुकन्या पण हाय त्यांच्यात,” सायकल टाकत महेंद्र म्हणाला. “डॉक्टर विचारतायत, पोटात काय गेलं? कुणालाच ठाऊक न्हाई.”

पंकजाच्या घरचा दिवाळीचा लाडू आराधनाच्या हातातच राहिला. चार वर्षांच्या सुकन्याला हात धुवायला तिनंच शिकवलं होतं.

दिवाळीची सुट्टी लागल्या लागल्या आराधना, पंकजा आणि महेंद्र या तिघांनी चर्चच्या आवारात पायनळ केला होता. गोड्या तेलाचा रिकामा कॅन टांगायचा, त्याला भोक पाडायचं. दोरीला बांधलेली काठी पायानं दाबली की कॅन कलतो, धार पडते. ग्रामपंचायतीचे ज्ञानेश्वर नाना ते बघून गेले आणि पांढरे रंगवलेले सहा कॅन ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्यांसमोर, कोप्यांसमोर टांगून, फोटो काढून मोकळे झाले.

तिघं कोप्यांवर पोचली तेव्हा नाना तिथंच होते. “ह्या लोकांना स्वच्छता ठाऊकच न्हाई,” ते म्हणत होते.

“नाना, ज्यांनी हात धुतले तीच पोरं पडली,” आराधना म्हणाली. “तो बारक्या कधीच धूत न्हाई. खेळतोय बघा.”

पंकजा एका कॅनचा रंग नखानं खरवडत होती. खाली कागद निघाला, त्यावर लाल त्रिकोण. शेतकऱ्याच्या पोरांना लाल त्रिकोण सांगावा लागत नाही. फवारणीचं जहाल औषध! पण नावाचा कागद फाटलेला होता.

“नवे कॅन हायत,” नाना म्हणाले.

आराधनानं लाडू पुढं केला. “मग हात धुवा आन् खा.”

कोप्यांवरची माणसं भोवती जमली. नानांचा पाय काठीवर गेलाच नाही.

“तीनदा विसळले हुते,” ते पुटपुटले.

“नाव सांगा.”

त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. सुकन्याची आई मनकर्णा दवाखान्यात होती. महेंद्रनं तिला फोन लावून ते दोनदा सांगितलं, तिनं डॉक्टरांना. गरिबाच्या दारात काहीही टांगलं तरी चालतं, ही त्या माणसाची समजूत. विषाला गरीब-श्रीमंत कळत नाही.

तिन्ही पोरं वाचली. ग्रामसभेत शाळेच्या हन्नाबाईंनी तिघांना पुढं बोलावून पाठ थोपटली. टाळ्या वाजवणाऱ्यांत नानाही होते.

आठवड्यानं सुकन्या परतली. तेलाच्या कॅनचा नवा पायनळ दिसताच तिनं दोन्ही हात पाठीमागं लपवले. आराधनानं काठी दाबली, ओंजळ भरली, पाणी स्वतः प्यायली आणि पाय काठीवर ठेवून वाट बघत राहिली.

हात पुढं आले नाहीत.