भोंग्याची छत्तीस मिनिटं

पंधरा दिवस खटपट करूनही भोंग्याला छत्तीस मिनिटं का लागतात, हे चैतालीला काही केल्या कळेना.

भोंगा म्हणजे कांदळपाड्याच्या बंदरावरचा यंत्रमानव. खोल समुद्रातले संवेदक (वारा आणि लाटा ओळखणारी यंत्रं) त्याला खबर देत, तो गणित मांडी आणि सहाशे होड्यांना वादळाचा इशारा पाठवी. पण वादळ तिसाव्या मिनिटालाच होड्यांपर्यंत पोचायचं. मागच्या महिन्यात इशारा असाच उशिरा गेला आणि चैतालीच्या बाबांचा हात मोडला. आता प्लास्टर निघालं होतं आणि मंगळवारी ते पुन्हा समुद्रावर जाणार होते. त्यांना अडवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. त्यांचे वडील म्हणजे आबा, त्यांनाही जमलं नाही. चैतालीला मात्र भीती वाटत होती.

आबा निवृत्त शास्त्रज्ञ. भोंग्याची आज्ञावली (यंत्राने क्रमाने पाळायच्या सूचना) त्यांनीच लिहिलेली. "लाटांचं गणित जड, तेच वेळ खातं," असं ते छातीठोकपणे सांगत. म्हणून चैतालीने ते गणित दहा मिनिटांवरून पाचावर आणलं. एक्केचाळीसची छत्तीस झाली, बस्स.

"अंदाज पुरे, आबा," ती म्हणाली. "आता मोजूया."

त्यांनी भोंग्याला जुन्या वादळाची माहिती दिली. चैताली घड्याळ आणि वही घेऊन समोर बसली. दर अर्ध्या मिनिटाला विचारायचं, "आत्ता काय करतोयस?" आणि त्या कामापुढे एक रेघ मारायची.

"सारखंच का नको विचारायला?"

"मग त्याचा वेळ उत्तरं देण्यातच जाईल," आबा म्हणाले. "अधूनमधून विचारलं तरी पुरतं. ज्या कामात वेळ जास्त जातो, त्याच कामात तो जास्त वेळा सापडतो."

छत्तीस मिनिटांत बहात्तर रेघा झाल्या. इशारा पाठवण्यापुढे दोन, लाटांपुढे दहा. आणि 'यादी वाचतोय' यापुढे साठ.

"यादीत एवढं काय आहे?" चैतालीने विचारलं.

"प्रत्येक होडी कुठे आहे ते यादीत पाहतो," भोंगा म्हणाला. "पहिल्या नावापासून सुरू करतो."

"दर होडीसाठी पुन्हा पहिल्यापासून?"

"तशी सूचना आहे."

कांदळपाड्यात कुठलीही पुकार सर्वांत जुन्या होडीपासून होते. तिला डावलून दुसरीचं नाव घेणं म्हणजे अपमान. आबांनी तो मान यंत्रालाही शिकवला होता. त्यामुळे सहाशेव्या होडीसाठी भोंगा आधीची पाचशे नव्व्याण्णव नावं वाचत बसे. सगळी मिळून एक लाख ऐंशी हजार तीनशे नावं, सेकंदाला शंभर, म्हणजे अर्धा तास. आज्ञावली लिहिली तेव्हा होड्या होत्या चाळीस. त्यांची यादी आठ सेकंदांत उरकायची, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

आबांचा चेहरा उतरला. "ही ओळ माझी आहे," ते म्हणाले. चैतालीला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

"यादी एकदाच वाचायची," ती म्हणाली. "एका होडीचं झालं की तिथूनच पुढे जायचं. जुनी होडी पहिलीच राहील."

आता सहाशे नावांना सहा सेकंद लागले. भोंगा सहा मिनिटं सहा सेकंदांत मोकळा झाला.

शुक्रवारी वादळ आलं. सातव्या मिनिटाला सगळ्या होड्या किनाऱ्याकडे वळल्या होत्या. बाबांची होडी धक्क्याला लागली तेव्हा आबा तिथेच उभे होते. रेघा, यादी, सगळं त्यांनी सांगून टाकलं. "तुझा हात माझ्या चुकीने मोडला," ते म्हणाले.

बाबांनी तोच हात पुढे केला, आणि आबांनी धरून त्यांना वर घेतलं.

"म्हणजे सहातली पाच मिनिटं आता लाटाच खातात की," बाबा म्हणाले. "उद्या त्यांच्या मागे लागा दोघं."